मंडळीचें वर्ष आणि मावळचा पाऊस

वर्षाचा आरंभ केव्हां होतो, या प्रश्नाला आपल्या शाळेंत निदान चार उत्तरें मिळतील. कचेरींतली दिनदर्शिका १ जानेवारी दाखवील, पंचांग चैत्र शुद्ध प्रतिपदा सांगेल, हजेरीपट जून महिन्यापासून सुरू होईल, आणि ख्रिस्ती मंडळीचें उपासनापुस्तक म्हणेल कीं, नाताळापूर्वींचा चौथा रविवार, म्हणजे आगमनकालाचा पहिला रविवार, हाच नव्या वर्षाचा पहिला दिवस होय. मावळांतला शेतकरी या चौघांचेंहि म्हणणें शांतपणें ऐकून घेतो आणि आभाळाकडे पाहतो. लोणावळ्यास सतरा वर्षें शिक्षकाचें काम केल्यावर माझें मतहि त्याच्याच बाजूस झुकलें आहे. आमच्या मंडळीचें वर्ष छापील पुस्तकांतून येतें खरें. परंतु त्याला अर्थ येतो तो या डोंगरांतील राखेनें, पावसानें आणि भातानें.

मी मूळचा या भागांतला नव्हे. माझा जन्म अहमदनगर जिल्ह्यांतील एका कोरडवाहू खेड्यांत झाला. (२०२४ पासून त्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर आहे, आमच्या घरचीं वडील माणसें अजून नुसतें 'नगर' म्हणतात, आणि तें कोणाच्या आड येत नाहीं.) तिकडे वर्षाकाठीं सहाशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर पाऊस पडतो, तोहि त्याच्या मनांत आलें तर. आषाढ कोरडा गेला कीं आमच्या गांवच्या मंडळींत पावसासाठीं खास प्रार्थना होत. देवाजवळ मोठ्यानें मागण्याची वस्तु जगांत एकच, ती म्हणजे पाऊस, असेंच मला लहानपणीं वाटत असे. लोणावळ्यास आल्यावर पहिल्याच जुलै महिन्यांत एका रविवारीं मंडळीचे एक वृद्ध सभासद प्रार्थनेस उभे राहिले आणि अगदीं गंभीरपणें म्हणाले, "हे दयाळू बापा, आतां दोन दिवस उघडीप दे." मीं मिटलेले डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलें. त्यांच्या बोलण्यांत विनोद मुळींच नव्हता. येथें साधारण वर्षांत चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच आठवड्यांत त्यांच्या घराची मागची भिंत खचली होती.

ही हकीकत मीं वर्गांत सांगितली तेव्हां एका मुलीनें विचारलें, "सर, एकाच रविवारीं नगरकरांनीं पाऊस मागितला आणि लोणावळेकरांनीं उघडीप मागितली, तर देव कोणाचें ऐकेल?" वर्ग हंसला. मला मात्र तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाहीं, कारण त्याच्या मागें माझ्या घरचा सगळा इतिहास उभा होता.

आमचें कुटुंब १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झालें. अमेरिकन मराठी मिशनचें काम नगरास १८३१ पासून चालूं होतें. परंतु खेडोपाडीं मंडळ्या वाढल्या त्या पुष्कळशा या दुष्काळानंतरच्या काळांत. तेव्हांपासून आमच्यासारख्या घराण्यांना एक टोमणा पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागला: यांनीं पोटासाठीं धर्म सोडला. माझ्या वडिलांनीं तो नोकरीच्या ठिकाणीं ऐकला, मीं तो शाळेच्या वाटेवर ऐकला. त्या दिवशीं घरीं येऊन मीं आजीला सांगितलें, तेव्हां ती चुलीपुढें बसली होती. १९७२ च्या दुष्काळांत तिनें स्वतः रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि तेथें मिळणाऱ्या सुकडीवर मुलें जगविलीं होतीं. भाकरी थापण्याचें न थांबवितां ती म्हणाली, "बाळा, भुकेच्या वेळीं ज्यानं भाकर दिली त्याचं नांव विचारायचं नाहीं, तर मग कुणाचं विचारायचं?" याहून अधिक ती कांहीं बोलली नाहीं. पुढें धर्मशास्त्राचीं जाड पुस्तकें मीं वाचलीं. त्यांतील बरेंच विस्मरणांत गेलें, हें उत्तर राहिलें. प्रभूनें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तींत पापक्षमेच्या मागणीआधीं रोजच्या भाकरीची मागणी येते, हा क्रम माझ्या ध्यानांत आला तो आजीमुळें.

याच आपल्या पुणें जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, कोरड्या दौंड तालुक्यांत, केडगांव आहे. १८९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून व गुजराथेंतून शेंकडों निराधार मुली आणून त्यांना आपल्या पंखाखालीं घेतलें. केडगांवचें मुक्ति मिशन त्यांतूनच वाढलें. उपाशी मुलगी दारांत आल्यावर तिला आधीं उपदेश द्यावा कीं पेज, हा प्रश्न रमाबाईंना पडला असेल असें मला वाटत नाहीं. ज्यांना तो पडतो त्यांनीं भूक पाहिलेली नसते.

आतां मावळाकडे वळतों. आंदर, नाणे आणि पवन या तिन्ही मावळांत मुख्य पीक भाताचें. उन्हाळ्यांत शेतकरी खाचराच्या एका तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, वाळलेलें गवत व पालापाचोळा यांचे थर रचतो, वर माती पसरतो आणि तें सारें पेटवितो. यालाच राब म्हणतात. त्या धगीनें तणाचें बीं जळून जातें, माती भुसभुशीत होते व राखेचें खत मिळतें. पाऊस सुरू होतांच त्याच राखेंत भाताचें बीं पडतें. (शेतकी खात्याचे लोक आतां राबाऐवजीं गादीवाफे करावयास सांगतात, आणि झाडें वांचविण्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे, तथापि डोंगराकडेच्या वाड्यांतून राब अद्याप भाजले जातात.)

याच दिवसांच्या तोंडीं आमच्या मंडळींत राखेचा बुधवार येतो आणि उपवासकालाचे चाळीस दिवस सुरू होतात. या चाळीसांत रविवार धरीत नाहींत. त्यामुळें बोटांवर मोजणाऱ्याचा हिशेब नेहमीं सहा दिवसांनीं चुकतो. गेल्या वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं हातांत धरलेल्या झावळ्या जपून ठेवलेल्या असतात. त्या जाळून त्यांची राख पाळकसाहेब आमच्या कपाळास लावितात आणि मनुष्य हा मातीचा आहे याची आठवण देतात. परदेशांत छापलेल्या पुस्तकांतून या राखेचा अर्थ शोक व पश्चात्ताप एवढाच सांगितलेला आढळतो. मावळांत राहणाऱ्याला तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. उपवासकाल सरत येतो तसतसा डोंगराच्या पायथ्याशीं राबाचा धूर दिसूं लागतो, आणि तो धूर पाहिलेल्या मुलाला राख म्हणजे पेरणीची पूर्वतयारी, हें निराळें शिकवावें लागत नाहीं. गव्हाच्या दाण्यानें जमिनींत पडून मरण्याविषयीं प्रभूनें जो दाखला दिला, तो मीं शब्बाथशाळेंत भाताच्या दाण्यावर सांगतों. प्रभु मावळांत जन्मला असता तर त्यानें तसाच सांगितला असता, अशी माझी खात्री आहे.

नाताळ दरवर्षीं २५ डिसेंबरला, मग पुनरुत्थानदिनाची तारीख कां बदलते, असें मला विद्यार्थी दर वर्षीं विचारतात. ख्रिस्ती मुलांपैकीं पुष्कळांना सुद्धां याचें उत्तर ठाऊक नसतें, म्हणून येथें लिहितों. इ. स. ३२५ मध्यें निकेआ येथें भरलेल्या धर्मसभेनें हा सण सर्वांनीं एकाच रविवारीं पाळावा असें ठरविलें. पुढें रूढ झालेला नियम असा कीं, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळें हा दिवस २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेंहि पडूं शकतो. मी मुलांना जुनीं पंचांगें आणावयास सांगतों. २०२२ सालीं हनुमानजयंती १६ एप्रिलला व पुनरुत्थानदिन १७ एप्रिलला आला. २०२३ सालीं हनुमानजयंती ६ एप्रिलला आणि पुनरुत्थानदिन ९ एप्रिलला. बहुधा चैत्री पौर्णिमाच आमच्या कामीं येते. चैत्र उशिरा आला तर होळीची पौर्णिमा उपयोगीं पडते: २०२४ सालीं २४ मार्चच्या रात्रीं होळी पेटली व ३१ मार्चला आमचा सण झाला. हा हिशेब घरीं नेऊन दाखविणाऱ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा मला बाजारांत भेटले आणि म्हणाले, "मास्तर, म्हणजे तुम्हीहि तिथीच पाळतां कीं!" मीं म्हटलें, "आजोबा, दुसरा चंद्र कोठून आणणार?"

उत्तम शुक्रवारीं दुपारीं बारापासून तीनपर्यंत वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होतें. त्या वेळीं पत्र्याखालीं बसणें म्हणजे अर्धा उपवास तेथेंच घडतो. रविवारीं मात्र उजाडण्यापूर्वीं आम्हीं मेणबत्त्या घेऊन दफनभूमीवर जातों, कबरींवर फुलें ठेवितों, आणि पूर्वेकडे तांबडें फुटतांच गाऊं लागतों. ज्या घरांत त्या वर्षीं मृत्यु झालेला असतो त्या घरच्या माणसांना गाण्याचें पहिलें कडवें म्हणवत नाहीं. तें इतरांनीं त्यांच्या वतीनें म्हणावयाचें, असा आमच्याकडे अलिखित प्रघात आहे.

पुनरुत्थानदिनापासून मोजून पन्नासावा दिवस पवित्र आत्म्याच्या आगमनाचा. तो १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान येतो, म्हणजे बरोबर वळवाच्या व पहिल्या मोसमी सरींच्या वेळीं. प्रेषितांच्या कृत्यांत त्या दिवशीं आकाशांतून मोठ्या वाऱ्यासारखा नाद झाल्याचें वर्णन आहे. हें वर्णन इंग्रजी पुस्तकांत वाचणें निराळें, आणि घाटमाथ्यावर, खालच्या कोंकणांतून काळेंभोर आभाळ चढून येत असतां, मंदिराचीं दारें धाडकन् आपटत असतां ऐकणें निराळें. एका वर्षीं वाचन चालूं असतांनाच वीज गेली आणि वाऱ्यानें वेदीवरील तांबडें वस्त्र उडविलें. पाळकसाहेबांनीं त्या दिवशीं उपदेश थोडक्यांत आटोपला. त्याहून अधिक उपदेश करावयास उरलाहि नव्हता.

त्यानंतर येतो तो त्रैक्य रविवार, आणि त्याच्यामागून वर्षाचा सर्वांत लांब, सर्वांत साधा काळ. याला कांहीं खास नांव नाहीं. त्रैक्यानंतरचा पहिला रविवार, दुसरा रविवार, असे २२ ते २७ रविवार ओळीनें मोजीत जावयाचे. ना सण, ना मिरवणूक. वेदीवर हिरवें वस्त्र. या काळाला हिरवा रंग कोणी व कां नेमिला असेल तो असो, मावळांत तो जितका शोभतो तितका अन्यत्र क्वचित् शोभत असेल. खिडकीबाहेर पाहावें तों खाचरांचा हिरवा, बांधांवरचा हिरवा आणि भिंतीवरील शेवाळाचाहि हिरवा.

परंतु खरी कसोटी याच काळांत लागते. पावसाचा जोर वाढला कीं मंदिर गळूं लागतें. गायनाचीं पुस्तकें फुगतात, पेटीचे सूर अडकतात. त्यांत पुन्हां रविवार. रेल्वेच्या वाफेच्या एंजिनांना पाणी मिळावें म्हणून पूर्वीं बांधलेलें भुशीचें धरण आतां मुंबईपुण्याच्या हौशी लोकांचें तीर्थक्षेत्र झालें आहे, आणि रविवारीं सकाळपासून रस्त्यावर मोटारींची अशी दाटी होते कीं, उपासनेस निघालेला म्हातारा माणूस रस्ता ओलांडूं शकत नाहीं. निसर्ग पाहावयास आलेल्या मंडळींचा मला राग येत नाहीं. त्यांनीं भोंगे थोडे कमी वाजवावे, इतकेंच.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुलै महिन्याच्या रविवारीं उपासनेस सातच माणसें होतीं, पाळकसाहेब धरून. पुढील सभेंत ठराव आला कीं, जुलै व ऑगस्ट हे दोन महिने मंदिर बंद ठेवावें, ज्याला जमेल त्यानें घरीं प्रार्थना करावी, आणि विजेचें बिल व दुरुस्तीचा खर्च वांचवावा. ठराव मांडणारे तरुण होते व त्यांचें म्हणणें अवाजवी नव्हतें. मी सभेचा चिटणीस असल्यामुळें टिपण लिहीत होतों. बराच वेळ हिशेब चालला. शेवटीं मागच्या बाकावरून एक आजीबाई उठल्या. त्यांचे यजमान रेल्वेंत होते. पतीच्या निधनानंतर त्या एकट्याच राहतात. त्यांनीं पाळकसाहेबांना विचारलें, "साहेब, पाऊस लागला म्हणून कुणी भातलावणी बंद ठेवतं का?" चिखलांत गुडघाभर उभ्या राहून, डोक्यावर इरलें घेऊन लावणी करणाऱ्या बाया आम्हीं सर्वांनीं त्याच सकाळीं पाहिल्या होत्या. ठराव मतास टाकण्यांत आला नाहीं. त्याऐवजीं छपरासाठीं वर्गणी काढावयाची असें ठरलें, आणि तें काम पुरें होण्यास पुढें दोन पावसाळे लागले. आजहि आषाढांत कधीं नऊ, कधीं अकरा माणसें असतात. प्रभुभोजनाची भाकर तेवढ्यांना पुरून उरते.

पावसाळा हा उपासनेचा काळ आहे हें या डोंगरांनीं आमच्या कितीतरी आधीं ओळखलें होतें. कार्लें व भाजें येथील लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षु पावसाळ्यांत एका जागीं राहून वर्षावास करीत. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील कित्येक खांब धेनुकाकट गांवच्या यवनांनीं, म्हणजे परदेशीय वंशाच्या लोकांनीं, दान दिल्याचे लेख त्या खांबांवरच कोरलेले आहेत. सहलीच्या वेळीं ते लेख मी मुलांना आवर्जून दाखवितों. दाता कोठलाहि असो, दगड सह्याद्रीचा आहे. आमचा धर्म परका, असें कोणी म्हटलें कीं मला ते खांब आठवतात. शिवाय हेंहि आठवतें कीं, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूनें गोव्यांत राहून रचिलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें, आणि तें मराठी ओव्यांत आहे.

आश्विन सरतां सरतां भात पिवळें पडतें. परदेशीय पद्धतीप्रमाणें सुगीचा सण सप्टेंबरांत धरावा तर येथें त्या वेळीं भात पोटरींत असतें. कापणी व झोडणी व्हावयास नोव्हेंबर उजाडतो. म्हणून आमच्या मंडळीनें हा सण नोव्हेंबरांतल्या एका रविवारीं ठेविला आहे. वेदीपुढें भाताच्या लोंब्या, भोपळे, अंडीं, एखादा पाय बांधलेला कोंबडा, आणि लोणावळ्याचें गांव असल्यामुळें चिक्कीचे पुडे, असें सारें मांडतात. मधोमध इंद्रायणी तांदळाचें पोतें असतें. ही भाताची जात आपल्याच तालुक्यांतील वडगांवच्या भात संशोधन केंद्रानें १९८७ मध्यें दिली, आणि जिचें नांव तिला मिळालें ती नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याकडे उगम पावून देहू व आळंदीवरून वाहते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, अशी त्यांची भावना होती. त्यांचीं भजनें गात आम्हीं इंद्रायणीचा तांदूळ अर्पण करितों.

उपासनेनंतर लिलाव होतो. एक अंडें शंभर रुपयांस जातें, घेणारा तें पुन्हां लिलावांत टाकतो, आणि कोंबडा चार वेळां विकला जाऊन अखेर पाळकसाहेबांच्या दारीं येतो. २०१८ सालीं महाराष्ट्राच्या पुष्कळ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या वर्षीं लिलावाचे सगळे पैसे नगरकडील एका खेड्यांतील मंडळीस पाण्याच्या टँकरसाठीं पाठवावे असें ठरलें, व बरोबर दोन पोतीं तांदूळहि धाडला. तो पोंचविण्यास मी गेलों होतों. बाजरीच्या त्या मुलखांत एका म्हाताऱ्या बाईनें आमचा भात शिजवून पाहिला आणि म्हणाली, "लई मऊ आहे रं! याला दांतांचं कामच नाहीं." मग तिनें देवाचे उपकार मानले व लोणावळ्याच्या मंडळीसाठीं प्रार्थना केली. तिनें आमच्यासाठीं काय मागावें? लोणावळ्यावर भरपूर पाऊस पडो, असें. आमचे ते उघडीप मागणारे वृद्ध सभासद ही हकीकत ऐकून पोट धरून हंसले.

सुगीच्या सणानंतर दोन-तीन आठवड्यांत थंडी पडते, खाचरें मोकळीं होतात आणि आगमनकालाचा पहिला रविवार येतो. नाताळाविषयीं मी येथें लिहीत नाहीं. करंज्या, कंदील आणि घरोघर फिरणारीं गाणारीं मुलें हें सर्व या गांवांत सर्वांनाच परिचित आहे. एका गोष्टीची मात्र नोंद करितों. गव्हाणीच्या देखाव्यासाठीं लागणारा पेंढा आम्हांला दरवर्षीं नाणे मावळांतील एक वारकरी शेतकरी देतात. पैसे घेत नाहींत. त्यांची अट एकच: पेंढा कोरडा ठेवावा व त्यावर मुलांनीं चमकी टाकूं नये, कारण तो बैलांच्या पोटांत जावयाचा असतो. ६ जानेवारीचा सण झाला कीं शब्बाथशाळेंतील दोन मुलें त्या पेंढ्या परत नेऊन देतात, आणि ते एकेक पेंढी झाडून तपासून घेतात. गेल्या वर्षीं एका पेंढींत कापसाचें एक कोंकरूं राहून गेलें होतें. तें त्यांनीं आपल्या नातीला खेळावयास दिलें.